भक्ती मोजायची कशाने?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





मी कीर्तनकार नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि जमेल त्या वर्षी चार-पाच मुक्काम आपल्या दिंडीबरोबर चालतो. बुवांनी मला हा विषय का दिला, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गेली दोन-तीन वर्षं वाटेवर कॉलेजची पोरं-पोरी फॉर्म घेऊन येतात. "काका, पाच मिनिटं द्या," म्हणतात आणि प्रश्न विचारतात. गेल्या वारीत आपल्या एका टाळकरी बाबांनी असा फॉर्म भरला. पोराने तिथंच बेरीज केली आणि सांगितलं, "बाबा, तुम्ही मध्यम धार्मिक आहात." एकवीस वाऱ्या पायी केलेला माणूस! सगळी राहुटी हसली. पण बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी चालताना त्यांनी मला हळूच विचारलं, "सर, शास्त्राने काढलंय म्हणजे खरं असंल का?"

त्या एका प्रश्नासाठी आज मी इथे उभा आहे.

आधी हे बघू, की कुणी भक्ती मोजायला निघतंच कशाला? देवाच्या गोष्टी तागडीत घालायच्या असतात का, असं तुम्ही म्हणाल. पण मोजणाऱ्यांचा हेतू दरवेळी वाईट नसतो. घरातला कर्ता माणूस गेला, तर श्रद्धेचा आधार खरोखर मिळतो का? आजारपणात देव मानणाऱ्याला धीर जास्त असतो का? धर्म पाळणारा माणूस परक्या जातीच्या, परक्या धर्माच्या माणसाशी जास्त मायेने वागतो की जास्त कडवट होतो? हे प्रश्न खरे आहेत. आणि त्यांचं उत्तर काढायचं तर धर्म पाळणारा कोण आणि किती, हे कुठे ना कुठे ठरवावं लागतं. गाडी तिथेच रुतते.

या खटाटोपाला दीडशे वर्षं झाली. इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टन नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. त्याने १८७२ साली एक लेख लिहिला. त्याचा तर्क साधा होता. राजाला उदंड आयुष्य मिळो अशी प्रार्थना त्या देशात चर्चाचर्चांतून होत असते. मग राजघराण्यातली माणसं इतरांपेक्षा जास्त जगायला हवीत. त्याने वयांचा ताळा घातला, तर निघालं उलटंच. राजघराण्यातल्या पुरुषांचं सरासरी वय आलं ६४, आणि वकील, डॉक्टर, पाद्री, व्यापारी अशा सगळ्या सुखवस्तू मंडळींत ते सर्वांत कमी होतं. झालं, प्रार्थनेचा उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं. आता यात गोम अशी, की त्याने ओठांवरची प्रार्थना मोजली. पुस्तकातून राजाचं नाव वाचणाऱ्या शेतकऱ्याचं मन त्या घडीला राजाकडे होतं की घरी व्यायला आलेल्या गाईकडे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत मोजणाऱ्यांची मूळ अडचण हीच आहे. बाहेरचं मोजता येतं आणि आतलं सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

आता हा फॉर्म म्हणजे काय, ते सांगतो. त्यात वाक्यं असतात. "मी देवाच्या इच्छेप्रमाणे जगतो", "संकटात मला देवाचा आधार वाटतो" अशी. पुढे पाच चौकटी : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. पहिलीला पाच गुण, शेवटच्या चौकटीला एक. सगळ्यांची बेरीज म्हणजे तुमची धार्मिकता. बाबांनी पहिल्याच वाक्याला काय लिहिलं होतं? "असहमत". मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "देवाच्या इच्छेप्रमाणे जगतो असं कसं लिहू? एवढं तोंड आहे का माझं?"

बघा मंडळी, गुण कुठे कापले गेले ते. आपल्या परंपरेत स्वतःला हीन, पतित, पामर म्हणण्याची रीत आहे. ती नुसती रीत नाही, साधनेचा भाग आहे. तुकोबारायांच्या हातात हा फॉर्म दिला असता तर ते स्वतःला किती गुण देते? नापासच झाले असते. आणि अंगाला गोपीचंदन फासून मिरवणारा एखादा पुढारी शंभरपैकी शंभर घेऊन गेला असता. आणि फॉर्मला या दोघांतला फरक दिसला नसता. बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर मी त्याच दिवशी दिलं होतं, इथे सर्वांसमक्ष पुन्हा देतो : त्या बेरजेत तुमची नम्रता वजा झाली होती, बाबा. भक्ती नव्हे.

अमेरिकेत अडचण याच्या उलट आहे. तिथे लोकांना विचारलं, गेल्या आठवड्यात चर्चला गेला होता का? तर शंभरात चाळीसेक जण हो म्हणायचे. वर्षानुवर्षं हाच आकडा. तीन अभ्यासकांना शंका आली. त्यांनी ओहायो राज्यातल्या एका भागात प्रत्यक्ष चर्चमधली माणसं मोजली. काही ठिकाणी तर आवारात उभ्या असलेल्या मोटारी मोजून अंदाज काढला. १९९३ साली त्यांचा लेख छापून आला. प्रत्यक्ष जाणारे निघाले, सांगणाऱ्यांच्या निम्मे! लोक ठरवून खोटं बोलत होते असं नाही. "मी चर्चला जाणारा माणूस आहे" हे त्यांना म्हणायचं असतं आणि प्रश्नाचं उत्तर देता देता ते तेवढं सांगून टाकतात. आपल्याकडे नाही का, "एकादशी करता का?" म्हटलं की हो म्हणतात, मागच्या एकादशीला काय खाल्लं असं विचारलं की जरा थांबून सांगतात.

पुढची अडचण भाषेची, आणि ती मला सगळ्यात गमतीची वाटते. या मोजपट्ट्या बहुतेक करून अमेरिकेत, युरोपात, ख्रिस्ती माणसं डोळ्यांसमोर ठेवून तयार झाल्या. त्यातही कॉलेजची मुलं हाताशी, म्हणून त्यांच्यावर तपासल्या. मग त्यांचं मराठी होतं. तिथला एक हमखास प्रश्न : तुम्ही किती वेळा प्रार्थना करता? आमच्या एका विद्यार्थिनीने लोणंदच्या मुक्कामी एका आजींना हा विचारला. आजी म्हणाल्या, "प्रार्थना? ती शाळेत असती. आमची नात म्हणती रोज." पोरीने लिहिलं, प्रार्थना : कधीच नाही. आजी पहाटे काकड्याला उभ्या, वाटेने अभंग, संध्याकाळी हरिपाठ, घरी असल्या तर जात्यावर, भांगलताना, भाकरी थापताना तोंडात विठ्ठल. पण त्याला त्या प्रार्थना म्हणत नाहीत. नामस्मरण म्हणा, भजन म्हणा, समजेल. आणि तेही किती वेळा असं विचारलं तर काय सांगणार? जे सुटतच नाही, त्याची वेळ कशी मोजायची?

"धर्म" या शब्दाचंही तेच. परदेशी संशोधकाला धर्म म्हणजे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असं खातं हवं असतं. आपल्याकडे भुकेल्याला वाढणं हाही धर्म, गाडीवानाने बैलाला पाणी दाखवणं हाही धर्म. "धर्म तुमच्या आयुष्यात किती महत्त्वाचा?" या प्रश्नाला दोन माणसं एकच उत्तर देतात आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात.

आणि आता ऐका, याहून बारीक गोष्ट. दुःखाच्या काळात माणूस देवाकडे कसा बघतो, हे मोजायची एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे. केनेथ पार्गामेंट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं ते काम, आणि काम चांगलं आहे. त्यात आधार देणारी श्रद्धा वेगळी मोजतात आणि झगडणारी श्रद्धा वेगळी. देवाने मला टाकलं का, त्याचं माझ्यावर प्रेम उरलं का, असे विचार मनात येतात का, हे झगड्याच्या बाजूला जमा होतं. त्यांच्या पाहणीत असा झगडा आणि मनाचा त्रास बरोबरीने आढळतो. तिथे ते खरं असेल. पण वारकऱ्याला हे विचारून बघा! आपले संत विठ्ठलाशी भांडले, त्याच्यावर रुसले, त्याला निष्ठुर म्हणाले. जनाबाईने तर त्याला शिव्या घातल्या. हे भांडण आईशी भांडण्यासारखं आहे. परक्या माणसाशी कुणी असं भांडत नाही. त्या फॉर्मच्या हिशोबात जनाबाईची श्रद्धा धोक्यात आलेली दिसेल. पण उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण मी या कामात आहे. मूल गेलेली एखादी बाई दिंडीत चालते, तोंडाने अभंग म्हणते आणि आतून खरंच तुटलेली असते. तिचं "देवा, तू मला टाकलंस" हे लाडाचं भांडण नसतं. आपण ते परंपरेतलं म्हणून कौतुकाने ऐकतो आणि तिच्याकडे बघायचं राहून जातं. दोन्ही वाक्यं एकच. फरक कळायला तिच्या शेजारी चालावं लागतं.

भारताचं मोठं सर्वेक्षण म्हणाल, तर अमेरिकेच्या प्यू संस्थेने २०१९-२० मध्ये देशभर सुमारे ३०,००० लोकांना घरी जाऊन, सतरा भाषांतून प्रश्न विचारले. देवावर विश्वास आहे म्हणणारे निघाले ९७ टक्के. आता सांगा, ज्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात, त्याने काय कळणार? गावातल्या प्रत्येकाचं वजन शंभर किलो दाखवणारा काटा काय कामाचा? देव मानतो की नाही हा प्रश्न युरोपात माणसं वेगळी करतो. आपल्याकडे तो काहीच वेगळं करत नाही.

मग संशोधक म्हणतात, मत सोडा, कृती मोजू. देवळात किती वेळा जाता, वारी किती केल्या. हे बरं वाटतं, पण इथेही खड्डा आहे. अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत दिसलं, की नियमित चर्चला जाणारी माणसं जास्त जगतात. वर्तमानपत्रांनी छापलं, देवळात जा आणि आयुष्य वाढवा. पण देवळात जाऊ कोण शकतो? ज्याचे गुडघे शाबूत आहेत तो. अंथरुणाला खिळलेला जात नाही आणि तोच लवकर जातो. म्हणजे कशामुळे काय झालं? जाणत्या संशोधकांना हे माहीत आहे. ते आधीची तब्येत हिशोबात धरतात, धरूनही काही फरक उरतो, तो कशाचा यावर वाद चालू आहे. पण साध्या फॉर्मात ही काळजी नसते. आपल्या दिंडीतली कितीतरी माणसं आता वारीला येऊ शकत नाहीत. आषाढीच्या दिवशी उंबऱ्यात बसून पंढरीच्या दिशेने हात जोडतात. "यंदा किती दिवस पायी चाललात?" त्यांचं उत्तर शून्य.

आता जरा कडू बोलतो. शताब्दीत बोलावं की नाही, असा विचार केला. पण बोललंच पाहिजे असं वाटतं.

हार्वर्ड विद्यापीठात गॉर्डन ऑलपोर्ट हे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना एक गोष्ट खुपत होती. तिथल्या पाहण्यांत चर्चला जाणारे लोक काळ्या लोकांबद्दल, ज्यूंबद्दल न जाणाऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त आकस बाळगताना दिसत. प्रेमाचा उपदेश ऐकणारे लोक, आणि हे असं! ऑलपोर्टनी धार्मिकतेचे दोन प्रकार मानले. एक, धर्माचा वापर करणारी : ओळखीपाळखी होतात, मान मिळतो, मनाला बरं वाटतं म्हणून धर्म. दुसरी, धर्म हेच जगणं असणारी. १९६७ साली त्यांनी आणि मायकेल रॉस यांनी याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. दुसऱ्या प्रकारच्या माणसांत आकस कमी निघाला. पण एक तिसरा गट अनपेक्षित निघाला. धर्माच्या बाजूचं कुठलंही वाक्य दिसलं की हो म्हणणारे, दोन्ही प्रकारच्या वाक्यांना डोळे झाकून होकार देणारे. आकस सगळ्यात जास्त त्यांच्यात होता.

हे अमेरिकेचं म्हणून सोडून देऊ नका. इरावती कर्वे माउलींच्या पालखीबरोबर चालल्या होत्या, त्यावर त्यांनी लिहिलं आहे, "परिपूर्ती" या पुस्तकात ते वाचायला मिळतं. त्यांच्या दिंडीत वाटेने भजन एकत्र आणि मुक्कामाला जेवण मात्र वेगळं, ब्राह्मणांचं निराळं आणि मराठ्यांचं निराळं. त्यांना ते फार लागलं. दिवसभर एकमेकांच्या पायाला हात लावायचा, माउली म्हणायचं आणि चूल वेगळी मांडायची. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी बाहेर का आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. साने गुरुजींना पंढरीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली उपोषण करावं लागलं, आणि ते मंदिरात रोज जाणाऱ्यांच्या गावात करावं लागलं.

चार्ल्स ग्लॉक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने धार्मिकतेची पाच अंगं सांगितली. श्रद्धा, आचार, अनुभव, ज्ञान, आणि पाचवं अंग म्हणजे या चौघांचा रोजच्या वागण्यावर होणारा परिणाम. पहिली चार अंगं कशीबशी फॉर्मात बसतात. पाचव्याला विचारून उपयोग नाही, ते बघावं लागतं. आपल्या दिंडीच्या जुन्या वह्या या अंकासाठी मी चाळल्या. भिशीचे पैसे, तांदूळ, गूळ, बैलांची पेंड, सगळं पैशापैशाने लिहिलेलं आहे. पंगत कशी बसायची, कोण कुठे बसायचं, वाढायचं कुणी, यावर एक ओळ नाही. ज्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची पंगत पाहिली आहे अशी चार-पाच माणसं आज या मंडपात आहेत. त्यांना विचारून हे कुणीतरी लिहून घ्या, चांगलं असेल ते आणि नसेल तेही. उशीर करू नका. कुठल्याही फॉर्मपेक्षा ही दिंडी किती धार्मिक होती, ते त्यातून कळेल.

वागणं बघायचा एक प्रयोग अमेरिकेत प्रिन्स्टन इथे झाला, १९७३ साली छापून आला. तिथे पाद्री होण्यासाठी शिकणारी ४० मुलं निवडली. बायबलात एक दृष्टान्त आहे : वाटेवर लुटलेला, जखमी माणूस पडला आहे, देवळाचा पुजारी बघून पुढे जातो, दुसरा धर्मसेवकही जातो, आणि ज्याला ते लोक परका, हलका मानत असा एक वाटसरू थांबून त्याला उचलतो. काही मुलांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन याच दृष्टान्तावर बोला. बाकीच्यांना दुसरा विषय. काहींना म्हटलं, तुम्हाला उशीर झालाय, पळा. काहींना म्हटलं, वेळ आहे. आणि वाटेत बोळात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवला. मुलांची धार्मिकता फॉर्मवर आधीच मोजलेली होती. थांबलं कोण? ४० पैकी १६. ज्यांना घाई होती त्यांच्यात शंभराला दहा, ज्यांना वेळ होता त्यांच्यात ६३. दृष्टान्त मनात घोळत असल्याने ठोस फरक पडला नाही आणि फॉर्मवरच्या गुणांवरून कोण थांबेल हे सांगता आलं नाही. घाई होती की नव्हती, एवढंच कामाला आलं.

नाथांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली! रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड, आणि वाळवंटात तडफडणारं गाढव. नाथांनी कावड त्याच्या तोंडी ओतली. नाथांना रामेश्वरी पोहोचायची घाई नव्हती असं थोडंच आहे? दिवे घाटात दिंडीचा क्रम चुकेल म्हणून आपण किती जणांना ओलांडून जातो, हे मी स्वतः चालताना बघतो.

आता फॉर्म घेऊन येणाऱ्यांचीही बाजू सांगतो, नाहीतर माझे विद्यार्थी मला घरी येऊ देणार नाहीत. नीट केलं तर यातून मोलाचं हाती लागतं. प्रयागच्या माघ मेळ्यात कल्पवासी महिनाभर थंडीत गंगेकाठी राहतात. भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी मिळून तिथे काही वर्षं काम केलं. कल्पवाशांना मेळ्याआधी गावात जाऊन विचारलं, मेळ्यानंतर पुन्हा विचारलं आणि मेळ्याला न गेलेल्या तशाच लोकांनाही दोनदा विचारलं. थंडी, गर्दी, गैरसोय सोसूनही गेलेल्यांना आपली तब्येत, आपलं मन आधीपेक्षा बरं वाटत होतं. न गेलेल्यांत तसा फरक नव्हता. आणखी एक मजेशीर गोष्ट त्यांनी केली. एकच मोठा गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं हा मेळ्यातला आहे, काहींना सांगितलं हा शहरातल्या रस्त्याचा आहे. मेळ्याचा म्हटल्यावर लोक तो जास्त वेळ ऐकत राहिले. शंभर टाळांच्या मध्ये झोपलेला वारकरी आणि एका हॉर्नने जागा होणारा शहरातला माणूस, याचं कोडं मला तिथे थोडं उलगडलं. या मंडळींनी "तुम्ही किती धार्मिक?" असं विचारून गुण दिले नाहीत. काय बदलतं ते बघितलं, कारण शोधलं, आणि त्यांना ते मुख्यतः "आपण सगळे एक आहोत" या भावनेत सापडलं. ती भक्ती की संगत, असं कुणी विचारेल. आपल्याकडे ते दोन वेगळे कप्पे आहेत का, हे बुवांनी सांगावं.

तेव्हा यंदाचं सांगतो. पोरं आली तर हाकलू नका, चहा द्या. आधी विचारा, कुठल्या कॉलेजचे, कशासाठी, हे कागद पुढे कुणाकडे जाणार? नाव, मोबाइल नंबर, आधार नंबर कुणालाही द्यायचा नाही. या कामाला तो लागत नाही. मधेच नको वाटलं तर "पुरे" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे आणि तसं त्यांनीच आधी सांगायला हवं. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने हो म्हणू नका, "हे आमच्याकडे असं नसतं" असं सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा. चांगल्या संशोधकाला त्या एका वाक्याचा उपयोग बेरजेहून जास्त असतो. कुणाचीही बेरीज तोंडावर सांगायची नाही, हे मी माझ्या मुलांना बजावलं आहे, इतर कॉलेजच्या मुलांना चोपदारांनी बजवावं. काकड्याच्या वेळी नको, पायाला तेल चोळत असताना चालेल. टाळकऱ्यांना बुवांच्या समोर बसवून विचारू देऊ नका, सगळेच रोज हरिपाठ म्हणणारे निघतील. आणि ज्या आजींना वाचता येत नाही, त्यांना प्रश्न वाचून दाखवायला त्यांच्या सुनेला बसवू नका.

राम कृष्ण हरी.